मऊ सीट आणि लांबचा रस्ता

स्मरणिका समितीने लेख मागितला, तेव्हा "सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा" असं सुचवलं होतं. पण नोंदणी, पहिली सर्वसाधारण सभा, टँकरचे उन्हाळे आणि कन्व्हेयन्ससाठी घातलेल्या खेपा यांवर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणते सभासद आपल्याकडे आहेत. मी समितीला म्हटलं, मला सायकलीच्या इतिहासावर लिहू द्या. समितीतल्या तरुण मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. बँकेतून निवृत्त झालेल्या, पंचाहत्तरीतल्या माणसाला कोण नाही म्हणणार?

कारण तसं साधं आहे. रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त येत्या जानेवारीत आपल्या सोसायटीतून वाईपर्यंत सायकलसहल निघणार आहे. नोटीस बोर्डावर आत्तापर्यंत सतरा नावं लागली आहेत. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, भाजी घेताना, जो भेटेल तो विचारतो, "काका, लांब जायला आरामशीर अशी कोणती सायकल घेऊ?" प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं असं वाटलं. दुसरं कारण म्हणजे एक जुना हिशेब. तो तेवीस वर्षं माझ्या खात्यावर उधार दिसतो आहे.

२००२ सालची सहल

जुन्या सभासदांना आठवत असेल, सोसायटी नवी होती तेव्हाही आपण वाईला सायकलीवर गेलो होतो. जानेवारी २००२. नऊ जण होतो. राहायला येऊन दोन वर्षंही झाली नव्हती, एकमेकांची ओळख जिन्यातल्या नमस्काराइतकीच. सहलीची कल्पना माझी. वाई माझं गाव. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, आमची जुनी आळी हे सगळं मला शेजाऱ्यांना दाखवायचं होतं.

आमच्यात एक इंजिनिअरसाहेब होते. (त्यांना हा लेख आधी वाचून दाखवला. म्हणाले, "लिहा, पण नाव घालू नका." म्हणून इंजिनिअरसाहेब.) उंचीने सहा फूट. त्यांनी सहलीसाठी खास नवी सायकल आणली होती. पुढे शॉकअप, मागे शॉकअप, जाड टायर आणि उशीसारखी मऊ, रुंद सीट. आम्ही बाकीचे जुन्या काळ्या सायकली नाहीतर मुलांच्या गिअरच्या सायकली घेऊन आलेलो. सगळ्यांनी त्यांच्या सीटवर हात दाबून पाहिला. "साहेब, तुम्ही तर सोफ्यावर बसून जाणार!" असं मीच म्हणालो होतो.

पहाटे पाचला निघालो. कात्रजचा जुना घाट चढताना ते मागे पडले, पण घाटात कोण ना कोण मागे पडतंच. खेड शिवापूरला चहा झाला. कापूरहोळच्या पुढे त्यांचा गुडघा बोलायला लागला. शिरवळला पोचलो तेव्हा पन्नासेक किलोमीटर झाले होते आणि त्यांना पायडल मारणं अशक्य झालं होतं. पुढे खंबाटकी घाट. ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी बघतो." त्यांच्याजवळ कोण थांबलं? कुणीच नाही. सहलीचा म्होरक्या मी, माझं गाव पुढे, दुपारच्या जेवणाची वेळ ठरलेली. मी म्हटलं, "सावकाश या," आणि सायकलीवर टांग मारली. ते एसटीच्या टपावर सायकल टाकून एकटे पुण्याला परतले. नंतर दोन-तीन वर्षं सोसायटीच्या कुठल्याही कार्यक्रमाला ते आले नाहीत. भेटले की हसायचे, पण थांबायचे नाहीत.

त्यांच्या गुडघ्याला नेमकं काय झालं, हे मला फार उशिरा कळलं. ते कळण्यासाठी मला सायकलीच्या इतिहासात शिरावं लागलं. निवृत्तीनंतर वेळ होता. वाचत गेलो, पुण्यातल्या कर्वेनगर भागात जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे ते पाहून आलो, तीन-चार मेकॅनिकांच्या दुकानात स्टुलावर बसून काढलं. जे हाती लागलं ते थोडक्यात सांगतो.

हाडं खिळखिळी करणारी गाडी

सायकलीची पहिली आवृत्ती १८१७ सालची. जर्मनीतल्या मॅनहाइम गावात कार्ल फॉन ड्राइस नावाच्या गृहस्थांनी लाकडाची दुचाकी बनवली. तिला पायडल नव्हतं. दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलत, पळल्यासारखं जायचं. पण या माणसाने आरामाचा विचार पहिल्या दिवसापासून केला होता. बसायला गादी होती आणि पुढे कोपरं टेकायला मऊ फळी. म्हणजे "बसणाऱ्याचं वजन कुठे कुठे टेकणार?" हा प्रश्न त्याला तेव्हाच पडला होता. माझ्या मते सायकल निवडताना आजही हाच पहिला प्रश्न.

पुढे १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यात पुढच्या चाकाला पायडलं बसवलेल्या सायकली निघाल्या. चाकं लाकडी, त्यावर बैलगाडीसारखी लोखंडी धाव. दगडी फरसबंद रस्त्यांवर ती चालवून लोकांची अशी अवस्था झाली की इंग्लंडमध्ये तिचं नावच 'बोनशेकर' पडलं, हाडं खिळखिळी करणारी.

त्यानंतर आली ती पुढचं चाक प्रचंड आणि मागचं एवढंसं असलेली उंच सायकल. चित्रात पाहून आपण तिला हसतो. पण चाक एवढं मोठं करण्यामागे हिशेब होता. पायडल थेट चाकालाच, मध्ये चेन नाही. त्यामुळे चाक जितकं मोठं, तितकं एका फेरीत अंतर जास्त. शिवाय मोठं चाक खड्ड्यात पडत नाही, वरून निघून जातं, म्हणून हादरे कमी. सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला वाचताना सापडली आणि मी पुस्तक मिटून बसलो. ही सायकल घेताना गिऱ्हाइकाच्या पायाची लांबी बघत. पाय जेवढा लांब, तेवढं चाक मोठं. ज्याचा पाय पायडलपर्यंत नीट पोचत नाही, त्याला ती सायकल चालवताच येत नसे. शिंप्याने माप घ्यावं तसं माप, त्याशिवाय खरेदीच नाही.

अशाच एका पन्नास इंची चाकाच्या सायकलीवर थॉमस स्टीव्हन्स नावाचा माणूस १८८४ साली अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि जग पालथं घालत १८८६ च्या अखेरीस जपानला पोचला. वाटेत तो आपल्याकडेही आला होता. लाहोरहून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडने सायकलीवर गेला. गिअर नाही, हवेचे टायर नाहीत. पण सायकल त्याच्या पायाच्या मापाची होती.

हवा आणि चामडं

१८८५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर सेफ्टी' सायकल काढली. दोन जवळजवळ सारखी चाकं, मागच्या चाकाला चेन. आज आपल्या पार्किंगमध्ये उभ्या आहेत त्या सगळ्या सायकली तिच्याच वंशातल्या. पडण्याची भीती गेली. पण एक गोष्ट हातून निसटली. आता चाकाचा आणि पायाच्या लांबीचा संबंध तुटला. एकच सायकल बुटक्यालाही विकता येऊ लागली आणि उंचालाही. माप जुळवण्याचं काम सीटच्या खालच्या नळीवर आणि एका नटावर येऊन पडलं. तो नट फिरवला तर आराम, नाही फिरवला तर नाही.

चाकं लहान झाली तसे हादरे पुन्हा वाढले. त्यावरचा उपाय इंजिनिअरने नाही, गुरांच्या डॉक्टरने शोधला. जॉन बॉइड डनलॉप हे मूळचे स्कॉटलंडचे, पण आयर्लंडमधल्या बेलफास्टला त्यांचा व्यवसाय. त्यांच्या लहान मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार उडायची. त्यांनी रबराची नळी करून तिच्यात हवा भरली आणि ती चाकाभोवती बसवली. १८८८ मध्ये पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी बेलफास्टच्या शर्यतींत विली ह्यूम हा खेळाडू हवेच्या टायरवर जिंकला आणि भरीव टायरवाले गप्प झाले. नंतर कळलं की रॉबर्ट थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं. पण ते तेव्हा फारसं चाललं नाही आणि विस्मरणात गेलं होतं. डनलॉपांचं पेटंट त्यामुळे रद्द झालं, पण नाव राहिलं.

बसण्याच्या बाबतीत नाव घ्यायचं ते बर्मिंगहॅमच्या जॉन बूल्टबी ब्रूक्स यांचं. त्यांच्या कंपनीतर्फे अशी गोष्ट सांगितली जाते की १८७८ मध्ये त्यांचा घोडा मेला, कामावर जायला त्यांनी सायकल उसनी आणली आणि तिच्या सीटने त्यांचे हाल केले. १८८२ मध्ये त्यांनी आपल्या सीटचं पेटंट घेतलं. ब्रूक्सची चामड्याची सीट हातानं दाबली तर पाटासारखी कडक लागते. पण चामडं झोळीसारखं ताणून बसवलेलं असतं. काही शे किलोमीटर चालवली की ते बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे हळूहळू खोलगट होतं. आपल्या बैठकीत खाली दोन हाडं असतात, बसण्याचं वजन त्यांनी घ्यायचं असतं. सीट फार मऊ असेल तर ती हाडं आत रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. दहा मिनिटं बरं वाटतं, तीन तासांनी मुंग्या येतात. दुकानात सीट अंगठ्याने दाबून पाहणं म्हणजे कर्जदाराचा सूट पाहून कर्ज मंजूर करणं. हे मी माझ्या नोकरीतल्या अनुभवावरून सांगतो.

बावीस की चोवीस?

आमचे वडील प्राथमिक शिक्षक. वाईहून रोज पाचवडला सायकलीने जायचे. सायकल काळी, चोवीस इंची, अठ्ठावीसची चाकं, दीड इंची टायर, चामड्याची सीट, खाली दोन जाड स्प्रिंगा. दर दिवाळीला ओव्हरऑइलिंग व्हायचं. सगळे छर्रे रॉकेलच्या ताटलीत, आम्ही मुलं ते मोजायला बसायचो. चाकाचा आऊट काढायला मात्र मेकॅनिकच हवा. सीटला वडील स्वतः तेल लावायचे आणि पावसात तिच्यावर पिशवी चढवायचे. मी त्याच सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून शिकलो. गुडघ्यावरची खूण अजून आहे.

त्या काळात देशी कारखाने नुकते उभे राहिले होते. मुंबईत वरळीला हिंद सायकल, मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलिस, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला १९५१ पासून अ‍ॅटलस, लुधियानाला १९५६ पासून हीरो. नावं वेगळी, पण घडण बरीचशी एकच, इंग्रजी रोडस्टरची. दुकानात गेलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारायचा, "बावीस की चोवीस?" म्हणजे फ्रेम किती इंची? तो गिऱ्हाइकाकडे वरपासून खालपर्यंत बघायचा आणि बहुधा उत्तरही स्वतःच द्यायचा. मग सायकल जुळवून झाल्यावर "बसा बघू" म्हणून सीट वर-खाली करून द्यायचा. कंपनी कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा.

मी १९७२ मध्ये बँकेत लागून पुण्यात आलो. पुणे तेव्हा सायकलींचं शहर होतं. सकाळी लक्ष्मी रोडवर घंट्यांचा नुसता किणकिणाट. तासावर भाड्याने सायकल मिळायची, महानगरपालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडलं की पोलीस पावती फाडायचा. त्या सायकलीला वजन वीस किलोच्या आसपास, गिअर नाहीत, चढावर उतरून ढकलायची. पण सपाटीवर तिच्यासारखी आरामशीर गाडी नव्हती. लांब चाकांतर, रुंद टायर, सरळ पाठ, अंगवळणी पडलेली सीट.

मग स्कूटर आल्या, मोटारसायकली आल्या, आणि आपण ते सगळं विसरलो. सायकल परत आली ती नव्वदनंतर मुलांसाठी, शॉकअप लावून. या शॉकअपचीही एक कुळकथा आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडायची. त्यातून माउंटन बाइक जन्मली, आणि दगडधोंड्यांवरून उतरताना हात वाचावेत म्हणून १९८९ च्या सुमारास तिला पुढे शॉकअप आले. म्हणजे ती सोय डोंगर उतरण्यासाठी. डांबरी हायवेवर पायडल मारताना तीच सायकल, विशेषतः स्वस्तातली, प्रत्येक रेट्याला खालीवर डुलते आणि आपल्या पायातला काही जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. वर वजन जास्त.

आता इंजिनिअरसाहेबांच्या गुडघ्याकडे येतो.

त्यांना दुकानदाराने सांगितलं होतं, "सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत." हे ऐकायला सुरक्षित वाटतं, आणि आजही अनेकजण तसंच सांगतात. सहा फुटी माणसाची सीट त्यामुळे इतकी खाली होती की पायडल तळाशी गेलं तरी गुडघा चांगलाच वाकलेला राहायचा. तशा वाकल्या गुडघ्यावर पन्नास किलोमीटर, मिनिटाला साठ वेळा, कात्रजसकट. दुसऱ्या कुणाचाही गुडघा दुखला असता. शॉकअपने वजन वाढवलं, मऊ सीटने मुंग्या आणल्या, पण खरा घात केला तो खाली राहिलेल्या सीटने.

आमच्या पिशवीत पाना होता. शिरवळच्या स्टँडवर उभ्या उभ्या सीट तीन इंच वर घ्यायला दोन मिनिटं लागली असती. त्यांना तिथून खंबाटकी जमला असता असं मी म्हणत नाही. गुडघा आधीच बिघडला होता. पण कात्रजला ते मागे पडले तेव्हा कुणीतरी थांबून त्यांचा पाय कसा फिरतोय ते बघितलं असतं, तर? हा प्रश्न माझ्या खात्यावर आहे.

एकत्र जाणाऱ्यांचा इतिहास

सायकलीवर लांब जाणाऱ्यांच्या इतिहासात आपल्या मुंबईचं पान मोठं मानाचं आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलीने जगप्रवासाला निघाले. सगळे व्यायामशाळेत वजनं उचलणारे. वाटेत एक तेहरानहून परतला, एक अमेरिकेत राहिला, एक तिथून मागे फिरला. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे इराण, इराकचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असं करत १८ मार्च १९२८ रोजी मुंबईला परत आले. अंतर सुमारे एकाहत्तर हजार किलोमीटर. त्यांच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. कार्बन फ्रेम नाही, शॉकअप नाही, मोबाइल नाही. मला वाटतं, शंभर वर्षांपूर्वीच्या सायकलीवर जे झालं ते वाचल्यावर "नव्वद किलोमीटरला एक लाखाची सायकल लागेल का?" या प्रश्नाचं उत्तर वेगळं द्यायला नको.

दुसरी गोष्ट फ्रान्सची. १८९१ मध्ये पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत, अशी सुमारे बाराशे किलोमीटरची शर्यत झाली. चार्ल्स तेरों हा खेळाडू मिशेलिन कंपनीचे काढता-घालता येणारे हवेचे टायर लावून एकाहत्तर तासांहून थोड्या अधिक वेळात जिंकला. हाच प्रवास आज हौशी लोक दर चार वर्षांनी नव्वद तासांच्या मुदतीत करतात, आणि त्यात आपले लोकही जातात. आपल्याकडे ज्या दोनशे किलोमीटरच्या 'ब्रेव्हे' होतात, साडेतेरा तासांच्या मुदतीच्या, त्या याच परंपरेतल्या.

या परंपरेत 'ऑडॅक्स' नावाचा जुना प्रकार आहे. इटलीत १८९७ ला सुरू झाला, १९०४ ला फ्रान्समध्ये आला. त्यात स्पर्धा नाही. सगळ्यांनी एकत्र जायचं. पुढे एक कप्तान असतो, तो ठरलेल्या वेगाने चालतो, साधारण ताशी साडेबावीस किलोमीटर, आणि कप्तानाच्या पुढे कुणी जायचं नाही. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि लाजही वाटली. २००२ साली कप्तानच सर्वांच्या पुढे पळाला होता.

मग घ्यायची कोणती?

आता सतरा जणांच्या प्रश्नाचं उत्तर. घरात जी सायकल आहे ती आधी मापाला लावा. चप्पल काढून सीटवर बसा, दुसऱ्याला हँडल धरायला सांगा, टाच पायडलवर ठेवा. पायडल तळाशी असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग पायडलवर पंजा ठेवलात की गुडघा किंचित वाकलेला राहतो. तेवढाच हवा. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, बसल्या बसल्या पाय टेकायचे नाहीत. सवय व्हायला चार दिवस लागतात.

हँडल सीटच्या पातळीला किंवा थोडं वर. खूप खाली असलं तर वजन हातावर येतं. हे मी स्वतः भोगलंय. सहा वर्षांपूर्वी एका दुकानातल्या चुणचुणीत मुलाच्या बोलण्यावर भाळून मी शर्यतीच्या घडणीची, वाकून चालवायची सायकल घेतली. पंधरवड्यात करंगळ्या बधिर झाल्या. अनेक वर्षं लोकांना "गॅरंटर होण्यापूर्वी कागद वाचा" म्हणून सांगणारा मी, एक चक्कर न मारता पैसे मोजून आलो. शेवटी मेकॅनिकने हँडल वर घेऊन दिलं तेव्हा ती सुसह्य झाली.

नवी घ्यायचीच असेल तर आपल्या रस्त्याला सरळ हँडलची हायब्रिड सायकल पुष्कळ झाली. शॉकअप नको. टायर बत्तीस ते अडतीस मिलिमीटर रुंद, म्हणजे वडिलांच्या दीड इंचीच्या जवळपासचे. त्यात हवा दगडासारखी ठासून भरू नका, डनलॉपांनी ती हादरे खायला घातली होती. खंबाटकीसाठी एक तरी हलका गिअर हवाच, चढ बसून चढता आला पाहिजे. सीट मध्यम कडक आणि आपल्या हाडांच्या रुंदीची. बायकांची ही रुंदी बहुधा जास्त असते, तेव्हा 'सी' विंगमधल्या ताईंनी यजमानांच्या सायकलीची सीट तशीच वापरू नये. आणि कृपा करून सहलीच्या आदल्या आठवड्यात काही नवं लावू नका. निदान दोनदा चाळीस-पन्नास किलोमीटर चालवून पाहिलेली सायकलच वाईला न्या.

समूहात जाताना आणखी एक बघा. शक्यतो सगळ्यांच्या ट्यूबचा आकार आणि व्हॉल्व्ह एकसारखा असेल तर एकाचं सामान दुसऱ्याला चालतं. सतरा प्रकारच्या सायकलींना सतरा प्रकारच्या ट्यूब घेऊन कोण फिरणार?

हे सगळं मी गेल्या महिन्यात इंजिनिअरसाहेबांना त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. शिरवळचंही बोललो. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आहे, वयाची सत्तरी कधीच ओलांडली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सीट खाली होती हे मला पुढच्याच वर्षी कळलं हो. इंजिनिअर ना मी! पण ते दुःख नव्हतं. एसटीच्या खिडकीतून मला तुम्ही कुणी मागे वळलेले दिसलाच नाहीत." वहिनींनी चहा आणून ठेवला. मी माफी मागितली. त्यांनी साखर कमी आहे का विचारलं.

पुढच्या रविवारी सकाळी ते पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले होते. हातात पाना आणि मोजपट्टी. जो येईल त्याला सायकलीवर बसवून, टाच टेकवून, सीट किती वर घ्यायची ते वहीत लिहून ठेवत होते. अकरा जणांच्या सीट त्या दिवशी वर गेल्या, दोघांच्या खाली आल्या. उरलेल्या चौघांनी येत्या रविवारी यावं.

सहलीची व्यवस्था नोटीस बोर्डावर लागली आहे, पण इथेही लिहून ठेवतो. पुढे कप्तान म्हणून 'ए' विंगमधली कन्या, जिने दोनशेची ब्रेव्हे पूर्ण केली आहे. तिच्या पुढे कुणीही जायचं नाही. मागून टेम्पो, त्यात पाणी, पंप, पंक्चरचं सामान आणि इंजिनिअरसाहेब. टेम्पोच्या लगेच पुढची, म्हणजे सायकलींतली शेवटची जागा माझी. ती मी मागून घेतली आहे. शिरवळला अर्धा तास थांबा आहे. तिथला चहा माझ्यातर्फे.